पाठवणीची प्रार्थना

आमची ताई परदेशात मिशनची सेवा करायची. सेवा म्हटलं की लोकांना वाटतं, भाषणं करत असेल, गाणी शिकवत असेल. ताई पाय धुवायची. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांचे पाय. मिशनच्या दवाखान्यातल्या पत्र्याच्या खोलीत, कोमट पाण्याच्या टबात एकेक पाय ठेवायचा आणि जुनी पट्टी आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, ओढायची नाही. ऐन उमेदीची वर्षं तिची त्या टबापाशी गेली. लग्न नाही, संसार नाही. आणि इकडे आईपाशी कोण? मी. नवरा गेलेली धाकटी, घरी शिलाई मशीन, म्हणजे मोकळीच की! सगळ्यांनी तसं धरूनच टाकलं.

ताई सुट्टीवर आली की तिचा एक रविवार ठरलेला. चर्चमधली उपासना संपताना पाळकसाहेब हाक मारणार, ती पुढे जाऊन गुडघे टेकणार, आम्ही भोवती जमून तिच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवणार आणि साहेब प्रार्थना करून तिला परत पाठवणार. हात ठेवायला ही झुंबड! आई सगळ्यांत पुढे. मग लोक साबणाच्या वड्या आणि जुन्या चादरी फाडून केलेल्या पट्ट्या आणून द्यायचे आणि ताई जायची.

या वेळी मात्र ती कायमची आली होती. मीच फोनवर गळ घातली होती. माझ्या लेकीचे दिवस भरत आलेले, पहिलटकरीण, सासरी बघणारं बाईमाणूस नाही. आईला चालवत नव्हतं, माणसं ओळखण्यात गफलत व्हायची, त्यात टाचेची जखम चिघळलेली. तिला कुणाच्या भरवशावर सोडू?

"ताई, तू ये गं आता. नाहीतर माझी लेक जन्मभर मला बोल लावेल."

"येते," ती म्हणाली. "मिशनला तसं सांगूनच येते."

मी देवाचे आभार मानले आणि बाळाची दुपटी शिवायला घेतली.

आता कायमची आले हे पाळकसाहेबांना तीच सांगणार होती, उपासना झाल्यावर. पण साहेबांना ताई दिसली आणि सवयीनं त्यांनी हाक दिली, "आपली बहीण पुन्हा सेवेला निघाली आहे. या, पुढे या." मला वाटलं, आता ही तोंड उघडेल. कसलं काय! उठली, पदर सावरला, सरळ जाऊन गुडघे टेकून मोकळी! मंडळी उठली. चाकांच्या खुर्चीतून आईचाही हात पुढे आला. आणि मी? गर्दीबरोबर ढकलली गेले आणि बघते तर माझाही हात ताईच्या खांद्यावर. साहेब म्हणत होते, "प्रभू, हिला पाठव," आणि माझ्या तोंडून आमेन निघून गेलं.

घरी आल्या आल्या मी तिला धारेवर धरलं.

"उठलीस कशाला?"

"हाक मारली ना त्यांनी."

"जाणार नाही म्हणून सांगता येत नव्हतं?"

"भर मंडळीत त्यांना तोंडघशी पाडू? आणि तू गं? तू हात कशाला ठेवलास?"

"सगळ्यांनी ठेवला म्हणून!"

यावर दोघींनाही हसू फुटलं. मग ताईनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "मला एक कळत नाही. साहेबांची चूक झाली, की देवानंच त्यांच्या तोंडून सांगितलं?"

"देवाला माझी लेक दिसत नाही का?"

"पण हात तर तुझाही होता. झालेली प्रार्थना परत कशी घ्यायची?"

मला काय माहीत! शिवण उसवता येते, प्रार्थना कशी उसवायची?

तिथून आमचं घर नुसतं लोंबकळत राहिलं. ताईची बॅग सकाळी रिकामी, तर संध्याकाळी भरलेली. लोक साबण आणून देत होते, ती घेत होती. साहेबांकडे जायला निघायची आणि फाटकातून परत फिरायची. राहा म्हणावं तर देवाच्या आड मी येते, जा म्हणावं तर लेक तिकडे एकटी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला तिचा राग यायचा, आणि आपण देवावर रागावलो की काय म्हणून भीतीही वाटायची.

अशात एका दुपारी जावयाचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात दाखल करून घेतलंय."

ताई तेव्हा आईच्या पायाशी बसली होती. आईचा पाय टबात, टाचेची पट्टी अजून सुटायची होती. मी फोन धरून नुसती उभी.

"नीघ तू," ताई वर न बघताच म्हणाली.

"आणि तू?"

"हा पाय पाण्यात आहे. तो टाकून कुठे जाऊ?"

"आणि मी परत आल्यावर?"

"ते नको विचारूस गं. खरंच मला काही कळत नाहीये."

मी पिशवी भरली, दुपटी वरच ठेवली. आईची शाल नीट करायला वाकले.

"येते गं आई."

"कोण निघालं?" आईनं विचारलं.

"धाकटी," ताई म्हणाली.

"कुठे? सेवेला?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "हो आई. सेवेला."

तसा आईचा हात उठला आणि माझ्या डोक्यावर आला. "प्रभू, हिला पाठव. हिला सांभाळ." त्या हाताची नखं मी कापते, त्याला तेल मी चोळते. पण तो माझ्या डोक्यावर असा कधी आलाच नव्हता. मी कुठे गेलेच नव्हते ना! पाठोपाठ ताईनंही तिचा ओला हात ठेवला आणि दोघी आमेन म्हणाल्या.

मला रडूच फुटलं. रागाचं की कशाचं, देव जाणे. टबातलं पाणी केसांतून कानामागे ओघळत होतं, आणि मी तशीच बस धरायला पळाले.