घासलेटवाल्याची सूर्यचूल

सियागंज बाजारातला आमचा घासलेटवाला दुकानाच्या पायरीवर सूर्यचूल मांडून बसायचा. आरसा लावलेली काळी पेटी, आत त्याची डाळ. बोलता बोलता थांबायचा, आरसा बोटभर उन्हाकडे वळवायचा आणि पुन्हा गप्पांच्या तंद्रीत जायचा.

"भिया, घासलेट विकून हे काय?" मी एकदा विचारलं.

"घासलेट आणावं लागतं, ताई. हे अपने आप येतं."

एकदा घासलेटचा टँकर आलाच नाही. रांगेतल्या पहिल्या बाईला त्यानं आपली अर्धकच्ची डाळ काढून पेटीत तिच्या भांड्याला जागा करून दिली.

महिन्याभरानं तिचा घासलेटचा डबा रांगेत नव्हता. समोरच्या तिच्या गच्चीवर आरसा चमकत होता. गिऱ्हाईक गेलं होतं. तो डोळे किलकिले करून बघत राहिला.

"थोडा तिरछा लागलाय," तो उठत म्हणाला, "सांगून येतो."