सुईएवढं पाणी

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, गाड्या धुणाऱ्या भाऊजींना कामावर सगळे 'हातभर' म्हणत. वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरची बंदूक हातात घेतली की त्यांच्या तोंडी तोच शब्द. धार रंगापासून हातभर लांब, काचेच्या रबरापासून त्याहून लांब. उन्हात तापून आलेली गाडी आधी सावलीत उभी करणार, बॉनेट हाताला गार लागेपर्यंत पाणी सोडणार नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. आधी साधं पाणी, मग फेस, मग वरून खाली धार. चिखल खरवडायचा नसतो, त्याची समजूत काढायची असते, असं ते सांगत. तिथला पॉलिशवाला चिडवायचा, की बायकोशीही हातभर अंतरावरूनच बोलता का. ते म्हणायचे, तिच्या तोंडाचं प्रेशर जास्त, तिथे दोन हात लागतात.

एवढ्या जपून काम करणाऱ्या माणसाला एक खोड होती. गाडीवर सोडण्याआधी ते धार डाव्या हातावर घेऊन बघत. बाळाला दूध पाजण्याआधी आपण थेंब मनगटावर टाकून बघतो ना, तसं. जुन्या मशीनला जोर बेताचा आणि तोटी पंख्यासारखी धार पसरणारी. तळहाताला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. नवं मशीन आलं तसा हात जरा लांब धरू लागले, पण खोड गेली नाही. अंगवळणी पडलेलं डोक्याला विचारून होत नाही.

त्या दुपारी चाकावरच्या पत्र्याखालचा वाळलेला चिखल काढायला पॉलिशवाल्याने सुईसारख्या बारीक धारेची तोटी लावली आणि ती तशीच ठेवून तो जेवायला गेला. भाऊजींनी न बघता बंदूक उचलली, हात पुढे केला, घोडा दाबला. तर्जनीच्या पेरावर टोचल्यासारखं झालं, इतकंच. रक्ताचा टिपूस नाही. हात झटकून त्यांनी तोटी बदलली आणि आणखी तीन गाड्या धुतल्या.

संध्याकाळी बोट ठणकायला लागलं. बायको म्हणाली, दवाखान्यात जाऊन येऊ. त्यांनी हसण्यावारी नेलं.

"अगं, पाणीच तर आहे. पाण्याने कधी कुणाला लागलंय?"

तिलाही ते पटलं. नंतर ती मला हेच पुन्हा पुन्हा सांगायची, मलाही पटलं हो वहिनी. मलासुद्धा पटलं असतं. ठिपका तो केवढा, शिवताना सुई बोटात जाते तेवढा.

सकाळी हात मनगटापर्यंत सुजला होता आणि बोट निळं, गार पडलं होतं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, लागून किती तास झाले. सतरा. त्यांनी पेन खाली ठेवलं. साबणाचं, चिखलाचं पाणी कातडीच्या आत घुसून तळव्यापर्यंत पोचलं होतं. बाहेरून टाचणीचं भोक, आत सगळी नासाडी. लगेच आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले. तर्जनी गेली. मधलं बोट राहिलं, पण वळेना.

बोटाचं दुःख त्यांनी फारसं केलं नाही. परत बंदूक धरता येईल ना, एवढाच घोर. दिवसभर रबराचा चेंडू दाबत बसत. जिन्यात भेटले की मूठ करून दाखवत, बघा वहिनी, कालच्यापेक्षा जास्त मिटते. मी हो म्हणायची. मिटत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात मालकाने परत कामावर बोलावून घेतलं. माणूस भला. घोडा उजव्या हाताने दाबायचा असतो, पण दाबताच बंदूक झटका देते, म्हणून तिची लांब दांडी डाव्या हाताने आवळून धरावी लागते. पहिल्याच गाडीला ती सुटली. धार भरकटून दाराला अगदी जवळून लागली आणि टवका उडालेल्या कडेपासून रंग वीतभर सोलून निघाला. मालक म्हणाला, होतं असं, रंग मी लावून देतो, उद्या सावकाश करा. पॉलिशवाला खाली बघत उभा राहिला. भाऊजींनी मशीन बंद केलं, घोडा दाबून नळीत कोंडलेलं पाणी रीतसर सोडून दिलं आणि बंदूक खुंटीला अडकवली.

घरी आले तेव्हा बायको दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी शेंगा मोडत होती. मी तिथेच होते. चप्पल काढता काढता ते म्हणाले,

"उद्यापासून डबा नको."

तिने हातातली शेंग मोडून पुरी केली, ताटातल्या सगळ्या गोळा केल्या आणि फ्रिजमध्ये ठेवून दिल्या.