दुमडलेला कोपरा

कामतघरच्या त्या चार चाळींची मतदार यादी दोन ठिकाणी होती. एक निवडणूक कार्यालयात आणि दुसरी लडकू भोईरच्या डोक्यात. पहिलीत चुका असायच्या, दुसरीत नसायच्या. कोण वारलं, कोण लग्न करून शेलार गावाला गेली, कुठल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याऐवजी दिराचं नाव छापलं गेलं, हे सगळं लडकूला तोंडपाठ. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसला की तो यादी उघडायचासुद्धा नाही. समोरून बाई येताना दिसली की तिचा अनुक्रमांक सांगून मोकळा.

पोटापाण्यासाठी तो लूमवर जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. पण ते पोटाचं झालं. जीव अडकलेला असायचा तुळशीराम शेठच्या निवडणुकीत. शेठ म्हणजे इथलाच आगरी माणूस, खाडीकडची जमीन विकून आणि राहनाळला गोदामं बांधून मोठा झालेला, चार वेळा नगरसेवक. लडकूने तीस वर्षं त्याची सतरंजी उचलली, खुर्च्या मांडल्या, हळदीला आणि दहाव्याला शेठच्या वतीने हजेरी लावली. बदल्यात काय मिळालं, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "शेठ मना नावानं हाक मारतो." एवढ्यावर खूश राहणारी माणसं जगात आहेत म्हणूनच शेठलोकांचं चालतं, हे त्याला कोण सांगणार!

शेठला मात्र लडकूची खरी किंमत ठाऊक होती, आणि ती एका युक्तीत होती. महापालिकेला एका प्रभागात चार जागा, म्हणून एका माणसाला चार मतं द्यावी लागतात. मतपत्रिकांचे रंग वेगवेगळे: पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी. साध्या माणसाला सांगायचं असतं, चारही ठिकाणी आपलं चिन्ह, कपबशी दाबा, संपलं. पण कधीकधी शेठला चारातल्या एका जागेवर आपलाच माणूस नको असायचा. उमेदवारी दिलेली असते, गळ्यात हार घातलेला असतो, आणि आतून समोरच्याशी बोलणं झालेलं असतं. अशा वेळी चाळीतल्या अर्ध्या न शिकलेल्या बायकांना कसं कळवायचं? लडकूने तोड काढली होती. घरोघर वाटायच्या चिठ्ठीला कोपरे चार, मतंही चार. ज्या मतावर कपबशी दाबायची नाही तो कोपरा दुमडायचा, आणि तिथे कोणतं चिन्ह दाबायचं ते चिठ्ठी देताना कानात सांगायचं. नियम एकच, दुमडलेल्या कोपऱ्याबद्दल कोणी कोणाशी बोलायचं नाही. सख्ख्या जावेशीही नाही.

मागच्या निवडणुकीत हौसाच्या वेळी त्याने हे केलं होतं. हौसा याच चाळीतली, लडकूच्या बायकोची, बायजाबाईची जिवाभावाची मैत्रीण, शेठच्याच आघाडीची उमेदवार. नव्वद मतांनी पडली. निकालाच्या संध्याकाळी शेठने लडकूला तिच्याकडे पाठवलं. "जा, समजूत काढ. सांग, लोकांनी दगा दिला." लडकूने जाऊन तेच सांगितलं. हौसा ओक्साबोक्शी रडली आणि पुढच्या महिन्यात खोली सोडून शेलारला गेली. जाताना ती चाळीतल्या कोणाशी निरोपाचा शब्दही बोलली नाही. लडकूला त्या रात्री झोप लागली होती. राजकारणात हे चालायचंच, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं, आणि ते त्याला पटलंही होतं.

यंदा, रखडत रखडत आठ-नऊ वर्षांनी, निवडणूक लागली आणि ब जागा, म्हणजे गुलाबी, महिलांसाठी राखीव झाली. शेठ स्वतः लडकूच्या खोलीत आला, पाटावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "लडकू, यंदा आपली बायजाबाई."

लडकू शेठच्या पाया पडायला वाकला. बायजाबाई मात्र स्टोव्हपासून उठली नाही.

"मना न्हाय जमायचं शेठ," ती म्हणाली. "मना सही करताना हात कापतात."

"सही करायला आम्ही आहोत ना वहिनी! तुम्ही फक्त उभ्या राहा."

शेठ गेल्यावर लडकूने तिची दोन दिवस मनधरणी केली. तीस वर्षांची चाकरी फळाला आली म्हणाला. बारशाला, लग्नाला पत्रिकेत नाव छापतील म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, महापालिकेच्या पाटीवर लिहिलेलं 'सौ. बायजाबाई लडकू भोईर'. तिच्या नावात त्याचंही नाव येणार होतं.

"एका बोलीवर उभी राहीन," शेवटी बायजाबाई म्हणाली. "चवथ्या चाळीमागं बायकांच्या संडासाला दारं न्हायत. पोरी डबा घेऊन एकमेकींना राखत उभ्या राहतात. ती दारं बसली पायजेत. शेठ शबूद देल काय?"

शेठने शब्द दिला. गावदेवीच्या देवळात नारळ फोडून दिला.

मग बायजाबाई अशी फिरली की लडकूही चकित झाला. भाषण तिला येत नव्हतं. ती घरात शिरायची, चुलीपाशी बसायची आणि म्हणायची, "दारं बसवायचीत गो. मना द्या." बायका तिला हळदीकुंकू लावायच्या. लूमवरच्या भैयांच्या बायकांनाही ती मोडक्या हिंदीत सांगायची, "दरवाजा लगाना है, बस." आणि त्या हसून मान डोलवायच्या. समोर उभी होती रीमा, राहनाळच्या एका गोदामवाल्याची सून, अपक्ष, चिन्ह शिलाई मशीन. ती गाडीतून उतरली की आधी चपला जपायची. तिची भीती बाळगावी असं काही नव्हतं.

उमेदवाराचा नवरा म्हणून लडकूला दिवसभर बायजाबरोबर फिरावं लागत होतं, त्यामुळे चिठ्ठ्या वाटायला वेळ उरला नाही. ते काम त्याने विशालला दिलं. विशाल त्याचा सख्खा पुतण्या. भाऊ गेल्यावर लडकूने त्याला वाढवलं, आयटीआयला घातलं, त्याचं लग्न लावलं, आणि यादीही त्यालाच शिकवली. आता तिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. काकाला अरे-तुरे कधी केलं नाही, काकीच्या पाया पडल्याशिवाय दिवाळी केली नाही. असा हाताखालचा माणूस असल्यावर माणूस निर्धास्त राहणारच.

मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी. लडकू मोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे कागद-पेन घेऊन बसला. यंत्रं केंद्रवार उघडतात, त्यामुळे मतदानाच्या कुठल्या खोलीने काय दिलं ते उघडं पडतं. दुसऱ्या भागांतली यंत्रं आली, बायजा थोडी पुढे होती. मग खोली नंबर नऊ आली, म्हणजे त्याच्या स्वतःच्या चार चाळी. लडकूने पेन खाली ठेवलं आणि नुसता ऐकत बसला. इथलं काय लिहायचं?

पांढरी, तुळशीराम शेठ, चारशे शहाऐंशी.

गुलाबी, बायजाबाई भोईर, एकशे तेरा. रीमा, तीनशे एकोणसत्तर.

पिवळी, कपबशी, चारशे ऐंशी. निळी, शेठचा मुलगा भाविक, चारशे एकाहत्तर.

लडकूने अधिकाऱ्याला पुन्हा वाचायला लावलं. अधिकाऱ्याने वैतागून पुन्हा वाचलं. आकडा तोच. लडकूने पेन उचलून तो लिहिला. एकशे तेरा! जिथे प्रत्येक उंबऱ्याशी त्याचं खाणंपिणं, जिथल्या बाळंतिणींना बायजाने शेकशेगडी केली, तिथे एकशे तेरा! त्याला प्रत्येक घर डोळ्यांपुढे दिसायला लागलं आणि प्रत्येक घराचा राग यायला लागला. हळदीकुंकू लावलं होतं यांनी. यांच्या घरात यापुढे पाणी पिणार नाही, असं त्याने मनात म्हटलं.

बायजा दोनशे मतांनी पडली. बाकी तिघं आले. बाहेर गुलाल उधळला गेला आणि शेठ त्यातूनच लडकूकडे आला. खांद्यावर हात ठेवला. चेहरा पाडलेला होता, आणि चांगला पाडलेला होता.

"काय सांगू लडकू," शेठ म्हणाला. "लोकांनी दगा दिला."

लडकू मान हलवणार तेवढ्यात थांबला. हे वाक्य त्याने ऐकलेलं नव्हतं, बोललेलं होतं. हौसाच्या खोलीत, तिच्यासमोर बसून, हाच चेहरा करून. तोच स्वर, तेवढेच शब्द. शेठने नवं वाक्यसुद्धा शोधलं नव्हतं, एवढीही लडकूची पत्रास ठेवली नव्हती.

घरी येईपर्यंत त्याने मनाला शंभर वेळा सांगितलं की असं नसेल. शेठ माझ्या घराशी असं करणार नाही. आणि करायचं म्हटलं तरी करणार कसं? चाळीतल्या बायकांना फिरवायची किल्ली एकट्या माझ्याकडे आहे. इथपर्यंत विचार आला की तो घाईने दुसरं काहीतरी आठवायचा.

बायजाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. निकाल तिला कळलेला होता. तिने काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला. तेवढ्यात शेजारची धोंडूबाई आली. सत्तरीची म्हातारी, लडकूच्या आईची मैत्रीण, गेल्या तीस वर्षांत त्याने सांगितलेल्या चिन्हाशिवाय दुसरं बटण न दाबलेली. तिचा चेहरा उजळलेला होता.

"केलं रं बाबा तू सांगतलंस तसंच," ती म्हणाली. "आता कंचं पद देतायत बायजाला?"

"कंचं पद?" बायजाबाईने विचारलं.

धोंडूबाई लडकूकडे बघायला लागली. बोलू की नको, असं तिचं झालं. मग तिने कमरेची पिशवी सोडून चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. वरचा उजवा, म्हणजे गुलाबी मताचा कोपरा नीट दुमडलेला होता, नखाने दाबून, लडकू दुमडायचा अगदी तसाच.

"विशाल घेऊन आलता. मी बोलले, अरं बायजा सोडून मशीनवर कशी दाबू? तं बोलला, काकाचा हुकूम हाय. काकीला आतून मोठं पद देनार हायत, म्हनून ही जागा त्यांना सोडलीय. मना काय त्याचं खरं वाटलं नसतं. पन तुझा कोपरा बघितला आनि गप बसले. तूच सांगतलंस ना, कोपऱ्याबद्दल कोनाशी बोलायचं न्हाय. मी माज्या सुनंला पन बोलले न्हाय."

लडकूला रीमाचा आकडा आठवला, तीनशे एकोणसत्तर. म्हणजे कोणी दगा दिला नव्हता. चाळीने त्याच्यावरचा विश्वास निभावला होता, प्रत्येकीने एकटीने, तोंड मिटून, त्याने शिकवलं होतं तसा. बायजाला हळदीकुंकू लावताना त्या हसल्या होत्या ते खोटं नव्हतं. गुपित पोटात ठेवून हसल्या होत्या, हिचं भलं होणार म्हणून. शेठने रीमाच्या लोकांकडून भाविकसाठी मतं घेतली असणार आणि मोबदल्यात गुलाबी जागा दिली असणार. ती द्यायला त्याने लडकूचाच पुतण्या वापरला आणि लडकूचंच बोट वापरलं. केसाने गळा कापला होता.

"हरामखोर," तो म्हणाला. "माझ्या ताटात जेवला तो. माझ्या ताटात!"

बायजाबाईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली. तिला वाचता येत नव्हतं, पण इथे वाचायचं काही नव्हतंच. दुमडलेला कोपरा तिने उघडला, परत दुमडला.

"हे तुमचं जुनं काम हाय?" तिने विचारलं.

लडकूने चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही. धोंडूबाईला आता काहीतरी चुकल्याचं कळलं होतं, ती हळूच भिंतीला टेकली.

"हौसाच्या टायमाला?"

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यासाठी बोलला होता. पण त्याच्या तोंडातून शब्द आला तो खराच आला.

"तवा बी."

बायजाबाई म्हणाली, "ती मना विचारत होती, बायजे, तू तरी मना दिलंस का गो? मी गावदेवीची शपथ घेतली. तिनं मानली न्हाय. आठ-नव वरीस झाली, ती माझ्या दारात आली न्हाय. आनि तुमी माझ्या बाजूला बसून तिच्यासाठी हळहळत होता."

"शेठनं सांगतलं तसं केलं मी."

"विशालनं पन तसंच केलं ना?"

बायजाबाईने चिठ्ठी पोलक्यात खोचली, पदर घट्ट केला आणि चपला पायांत घातल्या.

"कुठं चाललीस?"

"शेलारला. हौसाला दाखवाया."

"आता? रस्त्यात मिरवनूक हाय त्यांची."

"त्यांची कशी? तुमीच निवडून आनलंत त्यांना," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

गल्लीच्या तोंडाशी ढोल येऊन पोचलेच होते. ट्रकवर शेठ आणि भाविक, गुलालात बुडालेले, आणि मागे फळ्यांना धरून उभा असलेला विशाल. त्याने काकीला बघितलं आणि चटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. बायजाबाई गर्दीच्या कडेकडेने गेली, तिने रिक्षा थांबवली आणि आत बसता बसता घराकडे वळून पाहिलं. लडकू तिच्यामागे दारापर्यंत आला होता. त्याच्या मनात शिव्या दाटून आल्या होत्या. ट्रकवर चढून शेठची कॉलर धरावी, सगळ्या चाळीसमोर सगळं सांगावं, असं त्याने त्या क्षणी अगदी पक्कं ठरवलं होतं.

ट्रक दारासमोर आला. शेठने वरून त्याला पाहिलं, हसून हात जोडले आणि मोठ्याने नावाने हाक मारली, "लडकू!"

आणि लडकूचे हात, त्याला कळायच्या आत, जोडले गेले. रिक्षातून बायजाबाईने ते बघितलं.