ईस्टरनंतरचा उपास

पवईच्या आमच्या ऑफिसात अमेरिकेतल्या आजारांना कोड मिळतात. डॉक्टर लिहितो, आम्ही कोड लावतो, मग विमा कंपनी पैसे देते किंवा न देण्याचं कारण शोधते. माझ्याकडे अन्ननलिका आहे: सूज, जळजळ, अडथळा, घास खाली न सोडणारी नळी. रुग्ण मी एकही पाहिलेला नाही. नियम असा, की डॉक्टरने ठाम लिहिलं नसेल तर आपण आजार ठरवायचा नाही. ‘गिळायला त्रास’ एवढाच कोड लावायचा.

घरी, मरोळच्या गावठाणात, मम्मीचा उपास चालू होता. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आमच्यात सगळेच करतात. तिचा मागच्या वर्षीचा लेंट संपलाच नाही. पेज, सूप, दूध, बस. फादरनी चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेत तिचं उदाहरण दिलं, महिला मंडळाने शाल दिली. भाऊ म्हणाला, “मम्मी, शाल झाली, आता पुतळा कधी?”

यंदा ईस्टरला ती फुगे तळत होती. आमच्या सणाचे हे गोल, तळलेले पाव. मी पाणी घ्यायला आत गेले. तिच्या तोंडात फुग्याचा तुकडा होता. दोन्ही हात वर, पाठ ताठ, डोळे मिटलेले. मला वाटलं, प्रार्थना करतेय. मग बेसिनवर वाकून तिने तो तुकडा तसाच बाहेर काढला.

‘घास उतरवण्यासाठी रुग्ण हात वर करतो, पाठ ताणतो.’ हे वाक्य मी कितीदा तरी वाचलंय. वाचताना कुणाचे हात कधी दिसले नव्हते.

“कधीपासून हे?”

“हळू बोल. बाहेर मंडळाच्या बायका बसल्यात.”

“मम्मी, कधीपासून?”

“मागच्या लेंटपासून. वाटलं, उपासाने गळा आकसला असेल, होईल बरा. तेवढ्यात फादरनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. मग काय सांगू, घास उतरत नाही म्हणून उपास करते?”

नळीचे नुसते स्नायू आखडलेले असू शकतात. गाठही असू शकते. दोन्हीचे कोड मला पाठ आहेत.

“काय म्हणतात याला?” तिने विचारलं.

“डॉक्टर सांगेल. उद्या सकाळीच जायचं.”

“आणि फादरना?”

“मी सांगते.”

मी गॅस बंद केला. ती स्टुलावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि अगदी हळू म्हणाली, “भूक लागते गं मला. रोज लागते.”