कॅसेट ऐकून बांधलेलं घर

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही रोह्यात भाड्यानं राहायचो. आमचे हे कंपनीत शिफ्टला, आणि माझा दिवस शेजारच्या भाभीकडे. तिचा नवरा आखातात, जहाजावर. पत्र लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून कॅसेट भरून पाठवायचा. आम्ही दोघी तांदूळ निवडता निवडता ऐकायचो.

त्या वर्षी त्यांच्या नव्या घराचं जोतं बांधून झालं होतं. भाभीनं पत्रातून विचारलं, वर घर कसं बांधू? थोड्या दिवसांनी कॅसेट आली. सुरुवातीचं सगळं खरखरीतच गेलं, मग आवाज आला.

"खिडकी एकदम गोल, पितळी काठाची. जिना लोखंडी, बाहेरच्या अंगानं. पलंग भिंतीतच बसवलेला, त्याच्याखाली खण..."

माझा हात तांदळातच थांबला. असलं घर पेण-रोह्यात कुणी बघितलं होतं? "काय डोकं हाय गो तुझ्या नवऱ्याचं!" हे पहिलं मीच म्हटलं. लपवून काय करू?

गवंडी म्हणाला, "भाभी, गोल खिडकीपेक्षा बैलगाडीचं चाकच बसवू का?" भाभी हटली नाही. माझं माहेर पेणचं. तिथल्या मूर्तीच्या कारखान्यात देवामागची प्रभावळ ओततात, तसा गोल साचा मी करून घेतला आणि मांडीवर धरून एसटीनं आणला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, सूर्यनारायणाचं अर्धं तिकीट पडेल."

पितळ कुठलं परवडायला, काठाला पिवळा रंग दिला. पण घर काय दिसायचं! पांढरंशुभ्र, समोर तीन गोल खिडक्या. सकाळी आत उन्हाच्या तीन भाकऱ्या पडायच्या आणि हळूहळू जमिनीवरून सरकायच्या. बाजारला जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. भाभीला मात्र एकच घोर, भाई तीन वर्षांनी येतायत, बघून काय म्हणतील?

भाई आले. हातातली बॅग खाली ठेवायचं भान नाही, अंगणात नुसते उभे.

"हे काय?"

"तुम्ही सांगितलंत तसंच."

"मी? कधी?"

भाभीनं कॅसेट लावली. स्वतःचा आवाज ऐकता ऐकता भाई मटकन खाली बसले. "अगो, ही माझी जहाजावरची खोली! तुझं पत्र मला ही कॅसेट टाकल्यावर मिळालं, म्हटलं आता घरी जाऊनच ठरवू. तीन वर्षं त्या भोकातून नुसतं पाणी बघितलंय मी. उद्याच गवंड्याला बोलव. फोडून टाकू."

आणि भाभी! नवऱ्यासमोर कधी मान वर न करणारी बाई ती. तिनं पदर खोचला.

"हात लावून तर बघा! पाच महिने विहिरीचं पाणी आणून मारलंय मी या भिंतींना. तुमची खोली तुमच्या जहाजावर. हे घर माझं हाय."

भाईंनी माझ्याकडे बघितलं, "ताई, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी काय सांगू भाई," मी म्हटलं, "मलाच पहिलं आवडलं."

शेवटी भाईच म्हणाले, अगदी हळू, "निदान एक तरी नीट खिडकी असू दे गो. चहा पिताना झाड दिसेल अशी."

भाभीनं जरा विचार केला.

"एक देते. मागच्या भिंतीला. जागा मी दाखवीन."