माशांनी पास केलेलं पाणी

वडशाला आमच्या शेजारी स्टेशनातले तिकीटबाबू राहत. नागपूरहून त्यांनी दोन नारिंगी मासे आणले होते आणि पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवले होते. काहीही विचारलं की ते आधी चष्मा पुसत आणि म्हणत, "पाहू ना भाऊ, घाई काऊन करता?"

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं आणि मासे तळाशी निपचित पडून राहू लागले. बाबूंनी तीन मडकी मांडली. एकात फडक्यातून गाळलेलं पाणी, एकात तुरटी फिरवलेलं, आणि एकात रेती-कोळशातून झिरपलेलं. तुरटीचं सगळ्यांत नितळ दिसत होतं.

"हेच टाका, बाबू," मी म्हणालो.

त्यांनी तिन्ही पाण्यांचा एकेक घोट तोंडात घोळवला. तुरटीच्या घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं. "आपल्याले तुरट लागते, तं त्याइले काऊन आवडन?"

मग रेती-कोळशाच्या पाण्यात मासे सोडून ते पेटीसमोर बसले. जेवायलाही उठले नाहीत. मासे गेलेच, असं मी मनात धरलं होतं. ऊन कललं तेव्हा त्यांतला एक हळूच वर आला आणि त्यानं भाताचं शीत गपकन ओढलं. बाबू अनवाणीच अंगणात धावले आणि साऱ्या मोहल्ल्याला ओरडून सांगू लागले, "या, या, पाणी प्याले या! माशाइनं पास केलं!"

त्यांच्या बायकोनं पहिला पेला सावकाश संपवला. "इतके दिवस आमी गढूळच पेत होतो," ती म्हणाली, "तवा कोणी चाखून नाई पाह्यलं."

बाबूंनी तिचा पेला पुन्हा भरला.