मिटल्या तोंडाचा वाघ

फाल्गुनात आमच्या नानासाहेब वकिलांनी सुरगाण्याच्या रानात वाघ मारला आणि वैशाखात मी त्याच रानाकाठच्या गावी बोहाडा (देवादिकांची व प्राण्यांची सोंगे नाचवण्याचा उत्सव) पाहायला निघालो. "खरा मी आणलाय, तुम्ही आता कागदाचा पाहून या," असा टोला त्यांनी निघताना हाणलाच.

वणीपर्यंत मोटार मिळाली. पुढची बैलगाडी अशी खिळखिळी, की उतरल्यावर हाडे जागच्या जागी आहेत ना, हे चाचपून पाहिले. सोमाबाबांच्या घरी उतरलो. वाघाचे सोंग पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरात. सुनेने नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण वाढले.

मुखवटा सुपात ठेवला होता. कागदाच्या लगद्याचा, पिवळा, काळ्या पट्ट्यांचा. तोंड मात्र घट्ट मिटलेले.

"याला दात कसे नाहीत?" मी सोमाबाबांना विचारले.

"घरच्यांवर कोणी दात विचकतं का? सोंग नाचलं की वरीसभर तो आमच्या गुरांना शिवत नाय. पण आधी शिवेवर जायचं, वाघदेवाच्या दगडापुढं म्हणायचं, बाबा, तुझं तोंड एक दिस दे."

"मग आज केव्हा जाणार?"

"मागू कोणापाशी? रानात एकच होता. शहरातला कोणी साहेब आला नि मारून घेऊन गेला. इचारल्याबिगर तोंड घालणं म्हंजे चोरी हाय."

तो साहेब कोण, हे सांगायला जीभ रेटेना.

दिवेलागणीला संबळ वाजू लागला. गणपती नाचला, मारुती नाचला. वाघाची पाळी आली तेव्हा सोमाबाबा मुखवटा तोंडाला न बांधता, तान्हे मूल आणावे तसा दोन्ही हातांवर घेऊन आले. संबळ थांबला. बायका पुढे होऊन त्या मिटल्या तोंडाला तांदूळ लावू लागल्या. वाघाचा नाच पाहायला आलो आणि त्याच्या सुतकात उभा राहिलो, याचे मला फार वाईट वाटले.

"पुढच्या वर्षी?" मी निघताना विचारले.

"दुसरा आला रानात, तर त्याला इचारू," सोमाबाबा म्हणाले.

नाशकाला परतल्यावर नानासाहेबांकडे गेलो. कातडे तयार होऊन आले होते आणि नेमके माझ्या नेहमीच्या खुर्चीपुढे अंथरले होते. डोक्यात भुसा भरलेला, जबडा फाकलेला, जीभ तांबडी रंगवलेली.

"काय, तुमच्या कागदी वाघापेक्षा जबरा आहे की नाही?"

मी बसलो नाही. पुष्कळ बोलायचे मनात होते.

"नानासाहेब," मी एवढेच विचारले, "याचे तोंड मिटता येईल का?"